लखनचा स्कॅनर

शेवटी सगळं माझंच आहे असं लिहून मी रिटर्न भरलं, आणि वाइंडिंग मशिनसाठी साठवलेले पैसे करात घातले. पण नुसतं एवढंच झालेलं नाही. एवढंच झालं असतं तर मी गावात असा शांतपणे फिरलो असतो का? तेव्हा पहिल्यापासून.

पळसदेवला माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरी भरायचं दुकान. उजनीचं पाणी खाली गेलं की लोकांच्या मोटरी जळतात आणि माझं बरं चालतं. बरं म्हणजे हातानं तार गुंडाळून खांदा उतरेल इतपत. म्हणून मशिनसाठी पैसे बाजूला टाकत होतो.

गावात मोबाईलवरून पैसे घ्यायचा स्कॅनर पहिल्यांदा माझ्या दुकानात लागला. गावानं तो सार्वजनिक नळासारखा वापरायला घेतला. छबूबाईनं त्याची झेरॉक्स मासळीच्या पाटीला चिकटवली. रावजी आबांनी लेकीच्या लग्नात मांडवाच्या दाराला टांगली, आहेर माझ्या खात्यात. पैसे आले की मी ज्याचे त्याला रोख देऊन टाकायचो. लिहून कशाला ठेवायचं? एका गावचे आम्ही.

बारामतीत टॅक्सची कामं करणाऱ्या वृषालीताईंनी खात्याचा उतारा पाहिला आणि आधी मला पाणी दिलं.

"लखन, तू मोटरीच भरतोस ना?"

"व्हय."

"महाराष्ट्रातल्या सगळ्या?"

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, आलेले सगळे पैसे माझ्या धंद्याचे दाखवायचे. मग त्यावर कर, आणि उलाढाल मर्यादेबाहेर म्हणून जीएसटीचंही लचांड. दुसरा, फक्त माझे तेवढे दाखवायचे, पण बाकीच्यांनी 'हे पैसे आमचे' असं लेखी द्यायचं. सोपं होतं. येताना गाडीवर मी मशिनचा रंगसुद्धा ठरवला.

"सही केली तर पैसं माझं ठरत्याल," आबा म्हणाले.

"तुमचंच हायती की, आबा!"

"हायती. पन कागदावर कशाला?"

छबूबाई चिलापी साफ करत होती. "लखन्या, सायबाला सांग, मासं तुझंच हायती."

"मावशी, माळ हाय माझ्या गळ्यात! मी मासं खात बी न्हाय."

"मग इकत असशील."

त्या दिवशी संतापात मी एका मोटरीची जोडणी चुकवली. चालू केली तर उलटी फिरायला लागली. गावात तेवढी एकच मला आपली वाटली.

आठवड्यात माझी उलाढाल गावभर झाली. मंडळानं देवळापुढं बोलावून शाल-नारळ दिला. 'तालुक्यातील आघाडीचे उद्योजक.' शाल आबांनीच घातली. "ह्या पोरानं गावाचं नाव काढलं," म्हणाले, आणि लगेच उद्योजकाला शोभेल अशी वर्गणी मागितली. पावतीपुस्तकावर स्कॅनर चिकटवलेला होता. मी मोबाईल धरला. माझंच नाव आलं. स्वतःला पैसे पाठवता येत नाहीत, असं मोबाईल म्हणाला. तेवढी अक्कल त्याला होती.

"मग रोखीत दे," आबा म्हणाले.

शाल अंगावर तशीच ठेवून मी बारामती गाठली.

"ताई, लिवा. सगळं माझं."

"अरे, आणि मशिन?"

"मरू दे मशिन. पर एक अर्ज जोडायचाय."

मा. आयकर अधिकारी साहेब यांच्या सेवेशी. ज्याअर्थी सदर मांडवातील आहेर हे माझे उत्पन्न ठरले आहे, त्याअर्थी सदर लग्न माझ्या धंद्यात धरण्यात यावे. छबूबाईंची पाटी व विळी माझी हत्यारे म्हणून माझ्या ताब्यात मिळावीत. उजनी जलाशयातील समस्त चिलापी माझा शिल्लक माल म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांकडून मोजून घ्यावी. आणि मशिनचे पैसे आपल्याकडे जमा झाले असल्याने, श्री. रावजी आबा यांनी उद्यापासून रोज सकाळी तार गुंडाळण्यास माझ्या दुकानी हजर राहावे, असा आदेश व्हावा, ही नम्र विनंती.