भरलेल्या कळश्या

सिंकखालचा पाइप निसटून पाणी उसळलं, तेव्हा विजयश्रीने कॉक बंद करायच्या आधी त्याखाली हंडे-कळश्या लावल्या. सांगवीत नळाला दिवसाआड पाणी. वाहतं पाणी दिसलं की हात आपसूक भांड्याकडेच जातो. भांडी भरली, तोवर खोलीही भरली.

दिवसभर ती फडकी पिळत राहिली. कमरेचा काटा ढिला झाला. कठड्यावर टाकलेल्या गाद्या अजून ठिबकत होत्या.

संध्याकाळी तिचा नवरा नवनाथ चाकणहून शिफ्ट संपवून आला. भरलेल्या कळश्या बघून कपाळाला हात लावत म्हणाला, “अगं, आधी कॉक फिरवला असतास, तर हेच पाणी वर टाकीत राहिलं असतं!”

हे तिला आत्ता कळलं. तिने हातातलं फडकं करकचून पिळलं.

“सकाळी हे सांगायला घरात होतं कोण?”