अकरा किलोमीटरचा फरक

सोळा बोल्ट, पंधरा वॉशर, आठ नट, दोन पेडल, दोन हलते दांडे, दोन आडवे पाय, एक उभा खांब, मीटरची एक डबी आणि जड चाक पोटात घेतलेला मधला सांगाडा. स्वप्नालीने सगळं घोंगड्यावर ओळीनं मांडलं होतं. पुस्तिकेतल्या यादीत वॉशर सोळा होते. तिने पुन्हा मोजले. पंधरा. तिसऱ्यांदा मोजले, तेव्हाही पंधराच.

“राहू दे की एखादा कमी,” तिचा थोरला भाऊ दादासो उंबऱ्यावरून म्हणाला. बारामतीच्या एका बंगल्यातून हे वापरलेलं धूड त्यानेच पिकअपमध्ये घालून कळसला आणलं होतं. “आपला ट्रॅक्टर चार बोल्ट नसताना पळतोय.”

“ट्रॅक्टरवर आबा चढणार नाहीत, दादा.”

चुलीपुढून म्हाळसा उठली. उठताना तिने नेहमीसारखा एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीवर टेकला. लेकीशेजारी बसून ती घोंगड्यावरून सावकाश तळवा फिरवत गेली. नजर मात्र भाकरीकडे होती. एका कोपऱ्यात हात थांबला. लोकरीत रुतलेला वॉशर तिने नखाने उकरून काढला आणि स्वप्नालीपुढे ठेवला.

“नुसत्या डोळ्यानं मोजू नये. हात फिरवावा.”

सोळा झाले.

बाहेर कडुनिंबाखाली बाजेवर आबा, म्हणजे त्यांचा बाप सोनबा, बसून होता. आषाढात त्याच्या छातीत कळ आली, बारामतीत दोन दिवसांत रिंग बसली आणि तेव्हापासून तो बाजेवरून वाघरीच्या जाळीआडची एकोणीस मेंढरं बघत होता. बापजाद्यांचा दोनशेचा कळप उसाच्या रानांत विरघळून गेला होता, त्यातली ही उरलेली एकोणीस. त्यांना रोज कालव्याच्या कडेनं दोन कोस फिरवून आणावं लागे. सध्या शेजारचा माणूस नेत होता, पण तोही आता कारखान्याच्या कामाला लागणार होता. डॉक्टरांनी सोनबाला चालायला सांगितलं होतं, पण सपाट जागेवर, बेतानं आणि कुणाच्या तरी नजरेपुढे. दारातली वाट चिखलाची आणि उसाच्या ट्रॉल्यांची. म्हणून हे उभ्यानं पेडल मारत जागच्या जागी चालायचं यंत्र.

“दसऱ्यानंतर मेंढरं सणसरच्या पाहुण्यांना देऊन टाकू,” दादासोने आठवड्यापूर्वी जेवताना सांगितलं होतं. “मी उसात, स्वप्नी लोणी देवकरला. मेंढरामागं चालणारं माणूस घरात न्हाय.”

सोनबाचा घास ताटातच थांबला होता. म्हाळसा भाकरी थापत राहिली होती. स्वप्नालीने विचारलं होतं, “आणि दसऱ्यापर्यंत झालं तयार तर?”

“कसं ठरवणार?”

“सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते मोजतात. डॉक्टर म्हणाले, चारशे मीटर न दमता झाले तर मेंढरामागं जायला हरकत नाही.”

“मग दाव चारशे मीटर चालणारं एक माणूस. मेंढरं राहतील. ही माझी जबान.”

स्वप्नाली भौतिकशास्त्रात पदवी घेऊन लोणी देवकरच्या एका कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करत होती. दिवसभर तिच्या हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असे. यंत्र जोडतानाही तिने घाई केली नाही. आधी सगळे बोल्ट बोटांनी बसवले, मग पाना घेऊन समोरासमोरचे एकेक करत आवळले. पडवीत जागा होती, पण पेडल वर गेलं की सोनबाचा फेटा पत्र्याखालच्या वाशाला टेकणार होता. सोनबाची उंची, पेडलची उंची आणि वर एक वीत असा हिशेब करून तिने यंत्र मधल्या खोलीत, खिडकीपुढे हलवलं. तिथून मेंढरं दिसत. शहाबादी फरशी एका अंगाला उतरती होती. तिने रबराची चटई अंथरली, सांगाड्यावर लेव्हलची पट्टी ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायाखालचे स्क्रू फिरवले.

“विमान बनवतीस का काय गं?” सोनबाने बाजेवरून विचारलं.

“डगमगलं तर तुम्हीच पडणार, आबा.”

पहिल्या दिवशी सोनबाने दांड्यावरच्या चकचकीत पट्ट्या धरल्या. मीटरवर नाडीच्या जागी शून्य आलं. म्हाळसा दारात पांढरी पडली.

“मेलो म्हन की मी,” सोनबा म्हणाला. “आणि मेल्यावर बी चालतोय.”

स्वप्नालीने त्याचे तळवे उलटून पाहिले. चाळीस वर्षं काठी धरून घट्टे पडलेले, चामड्यासारखे कोरडे. त्यांतून नाडी पट्टीपर्यंत पोचतच नव्हती. मग तिने मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळात पंधरा सेकंद पाहून चारने गुणलं. शहाण्णव. एकशे दहाच्या वर जायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनबा चालत्या यंत्रावरून उतरला. आयुष्यभर तो चालत्या बैलगाडीतून आणि चालत्या ट्रॉलीतून उतरत आला होता, गाडी थांबवणं त्याला कमीपणाचं वाटे. वर येणारं पेडल त्याच्या नडगीवर बसलं. हळद लावून झाल्यावर स्वप्नालीने नियम सांगितले आणि रोज म्हणून घेतले. चढताना जवळचं पेडल तळाला. हात स्थिर दांड्याला. उतरायच्या आधी चाक पूर्ण थांबलं पाहिजे. छातीत जड वाटलं तर तिथंच थांबायचं, हाक मारायची. संध्याकाळी एकदाच, ती घरी असताना, त्याखेरीज नाही.

त्या दोन्ही दिवशी म्हाळसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

स्वप्नालीची वही होती. रोजची मिनिटं, रोजचं अंतर, आधीची आणि नंतरची नाडी. मीटरमध्ये एकूण अंतराचाही एक आकडा होता, तो कुणाला पुसता येत नसे. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असे. त्या दिवशी ती वहीतली बेरीज या आकड्याशी जुळवून बघे. पहिले दोन गुरुवार बेरीज जुळली. पाच मिनिटांवरून सोनबा बारा मिनिटांवर आला होता.

तिसऱ्या गुरुवारी मीटरचा आकडा वहीपेक्षा अकरा किलोमीटर दोनशे मीटरने जास्त होता.

तिने बेरीज पुन्हा केली. मग मीटर तपासलं. शंभर फेऱ्या स्वतः मारून पाहिल्या. आधी मोजले होते तसेच चारशे मीटर वाढले. मीटर बरोबर होतं. आणखी एक गोष्ट तिला आठवली. सोनबा डावीकडून चढे, म्हणून ती रात्री डावं पेडल तळाला ठेवून झोपे. या आठवड्यात दोनदा संध्याकाळी तिला उजवं पेडल तळाला दिसलं होतं.

ती बाहेर बाजेपाशी गेली.

“आबा, दुपारी कुणी नसताना यंत्रावर चढता?”

सोनबा मेंढरांकडे बघत होता. एक कोकरू जाळीत मान घालून अडकलं होतं. त्याने ते सुटेपर्यंत वाट पाहिली.

“चढतो,” तो म्हणाला. “बसून बसून कटाळा येतो.”

“नाडी कोण मोजतं? काही झालं असतं म्हणजे? आईला हाक तरी ऐकू गेली असती का?”

“गेली असती.”

“मीटरचे सेल मी उद्यापासून सोबत नेणार. आकड्याशिवाय चढायचं नाही.”

“ने.”

एवढ्या सहजपणे तो कधीच कशाला कबूल होत नसे. डॉक्टरांनी चहात साखर कमी सांगितली, तर त्यावर त्याने आठ दिवस वाद घातला होता.

शुक्रवारी तिने सेल काढून पिशवीत घातले, पण दुपारी अर्धी रजा टाकली आणि दीडच्या एसटीने परत आली. फाट्यावरून चालत येताना तिने ठरवलं होतं, की रागवायचं नाही, आधी नाडी बघायची. घरापाशी पोचली तेव्हा आतून चाकाचा घरघर आवाज येत होता. तिचे पाय झपाझप पडू लागले.

सोनबा बाजेवर होता. जागा होता. तिला बघून त्याने हाताचा पंजा उभा धरला, मेंढरू थोपवावं तसा.

ती दाराशी थांबली.

आत खिडकीपुढे म्हाळसा चालत होती. लुगड्याचा काष्टा तिने गुडघ्यापर्यंत वर खोचला होता, पदर कमरेला आवळून बांधला होता, बांगड्या मागे सारून कोपराखाली घट्ट केल्या होत्या. हात स्थिर दांड्याला. ओठ हलत होते. थोड्या वेळाने तिने चाल कमी केली. चाक पूर्ण थांबेपर्यंत ती उभी राहिली, उजवं पेडल तळाला आणलं आणि मगच चुलीच्या बाजूनं उतरली. कोनाड्यात हात घालून तिने एक काळा खडा ठेवला. वळली, तर दारात लेक.

बाहेर एक मेंढरू शिंकलं.

स्वप्नाली कोनाड्यापाशी गेली. खड्यांचे ढीग होते, वाघरीत मेंढरं घेताना सोनबा मोजायला वापरायचा तेच खडे. तीन, चार, चार, पाच, सहा, सहा. आणि आजचे सहा, वेगळे.

“एक खडा म्हणजे किती?”

“पाच ईसा. त्या डबीतलं आकडं मला कुठं कळत्यात.”

पाच विसा म्हणजे शंभर. स्वप्नालीने मागचे सहा ढीग मोजले. मग त्यांवरून हात फिरवला आणि पुन्हा मोजले. अठ्ठावीस खडे, अठ्ठावीसशे फेऱ्या. अकरा किलोमीटर दोनशे मीटर.

“आई, तुझे गुडघे...”

“दुखत्यात. पर हितं जमिनीवर आपटत न्हायती.” म्हाळसाने काष्टा सोडला. “दादा जेवताना म्हणला ते ऐकलं म्या.”

“काय म्हणाला?”

“मेंढरामागं चालणारं माणूस घरात न्हाय, म्हणला.” ती परातीपाशी बसली आणि पिठात पाणी घालू लागली. “तुजा बा कळपाफुडं चालायचा. मागनं घोडं, बिऱ्हाड आणि पोटात तुला घिऊन कोण चालत होतं, ते दादाला कसं ठावं असणार. ल्हान होता. घोड्यावर बसलेला.”

“मला सांगायचं होतंस.”

“तू न्हाय म्हणली असतीस. नेम-कायदं सांगितलं असतंस.”

“सांगणारच आहे.” स्वप्नालीने पिशवीतून सेल काढून मीटरमध्ये घातले. मग आईचा पिठाचा हात धरून मनगटावर दोन बोटं ठेवली. पंधरा सेकंद. “एकशे बारा. जास्त आहे. सहा खड्यांवर राहायचं, वाढवायचं नाही. आणि टाच उचलतेस ती उचलायची नाही, गुडघा त्यानंच दुखतोय.”

बाहेरून सोनबा म्हणाला, “मी म्हणलं व्हतं तिला, टाच टेक म्हणून.”

“तुमी गप बसा,” म्हाळसा म्हणाली. “धड खोटं बी बोलता आलं न्हाय.”

पुढच्या तपासणीला बारामतीला जाताना स्वप्नालीने आईलाही नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे वाकवून पाहिले आणि चालू ठेवा म्हणाले. वहीत एक नवा रकाना पडला. दादासो रात्री उशिरा रानातून येई. यंत्राकडे तो फिरकत नसे आणि त्याला कुणी काही सांगितलं नाही.

खंडेनवमीला घरातल्या विळ्या, पाना, ट्रॅक्टर आणि यंत्र या सगळ्यांना हळदकुंकू लागलं. म्हाळसाने झेंडूची माळ चाकाला न घालता खांबाला बांधली. मग सगळे कालव्याकडच्या सपाट रस्त्यावर गेले. स्वप्नालीने टेपने तीस मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा ओढल्या. दादासो हाताची घडी घालून एका रेघेवर उभा राहिला.

सोनबा फेटा घट्ट करून निघाला. धावायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या फेऱ्या त्याने सुरेख मारल्या. पाचव्या मिनिटाला त्याची चाल उतरली, पण तो थांबला नाही. स्वप्नालीने शिट्टी वाजवली तेव्हा तो रेघेवर होता. बारा फेऱ्या. तिने मनगट धरलं, वहीत आकडा लिहिला.

“चाळीस कमी पडलं,” दादासो खालच्या आवाजात म्हणाला. त्याला आनंद झालेला नव्हता. “आबा, लई केलंत तुमी. पर बोली ती बोली.”

“बोली काय होती?” सोनबाने धाप आवरत विचारलं.

“चारशे मीटर चालणारं एक माणूस.”

“मग घड्याळ बंद करू नगंस, स्वप्ने.”

म्हाळसाने चपला काढून रस्त्याच्या कडेला जोडीनं ठेवल्या. काष्टा खोचला, पदर कमरेला बांधला आणि चुन्याच्या रेघेला अंगठे लावून उभी राहिली. दादासोने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्याची हाताची घडी सुटली. रेघेवरून तो दोन पावलं मागे सरकला.

स्वप्नालीने घड्याळ शून्यावर आणलं.

वहीच्या त्या पानावर दोन ओळी आहेत. सोनबा : सहा मिनिटं, तीनशे साठ मीटर, नाडी एकशे आठ. म्हाळसा : सहा मिनिटं, चारशे पासष्ट मीटर, नाडी एकशे चार.