गुणाबाईंच्या छताचा कोप

करंजाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुणाबाईंच्या नातवाचं बारसं उद्यावर आलं होतं आणि पाळणा टांगायला छतात दोन हुक हवे होते. छत मात्र हटून बसलं होतं. मुहूर्तावर हुक बसवायला बोलावलेल्या स्तंभानंद महाराजांचा चेला मिथुन भगव्या फडक्याने झाकलेलं ड्रिल चालवत होता. सून प्रांजल खोलीत असली की ते नुसतं घुर्र करी, ओरखडासुद्धा उमटत नसे. तिला जिन्यात उभी केली आणि धडधड करत पहिलं भोक पडलंसुद्धा!

"छत बोलतंय, मंडळी!" महाराज गादीवरून गरजले. "सुनेचे ग्रह आडवे आलेत. चाळीस दिवस तिला बाळासकट गव्हाणला माहेरी धाडा. मी इथेच अनुष्ठानाला बसतो. नैवेद्याला रोज सुरमई चालेल. पापलेट मिळालं तर वास्तुपुरुष लवकर शांत होतो."

बायकांनी हात जोडले. प्रांजलचा नवरा कुंदन खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. दाराशी तिची पिशवी भरून तयार होती.

"आई, मी एवढंच विचारलं होतं," अकरा दिवसांच्या बाळाला छातीशी धरून प्रांजल म्हणाली, "की मिथुनदादा दर वेळी भगव्या फडक्याखाली हात घालून काय करतात?"

"बघा! प्रश्न विचारते. हेच ते लक्षण!" महाराज कडाडले.

शेजारच्या मिल्काबाईंचा संताप अनावर झाला. तीस वर्षं त्यांनी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरांना यंत्रं शिकवली होती. डोळे मंद झाले होते, कान मात्र तल्लख होते. घुर्र वेगळं आणि धडधड वेगळं, हे त्यांना दारातूनच कळलं होतं. पण भांडून काय होणार? त्यांनी पदर सावरला आणि महाराजांपुढे हात जोडले.

"धन्य झाले, महाराज! ते फडकं जरा डोळ्यांना लावू द्या."

महाराज फुलले. फडकं हातात येताच मिल्काबाईंनी ते कमरेला खोचलं आणि ड्रिलही उचललं.

"आता पुन्हा दाखव, मिथुन. उघड्यावर."

"फडक्याबिगर मंत्र लागत नाय, बाई."

"मंत्र नाही, हा खटका लागत नाही." त्यांनी ड्रिलच्या अंगावरचा गोल खटका सगळ्यांना दाखवला. "इकडे फिरकीचं चित्र आहे. लाकडासाठी. खटका इथे असला की टोक नुसतं फिरतं, काँक्रीटला गुदगुल्याही होत नाहीत. तिकडे हातोडीचं चित्र. तिथे आणला की यंत्र फिरतं आणि ठोकतंही. सून घरात की फिरकी, सून बाहेर की हातोडी! गुणाबाई, दुसरं भोक तुम्हीच पाडा."

"मी? आमी मासली कापणाऱ्या!"

"सुरी धरता तशीच बाजूची मूठ घट्ट धरा. ड्रिलच्या पेटीतला हा चष्मा लावा, नाहीतर सगळी पूड डोळ्यांत. पंख्याची वायर या बाजूने जाते, तिथे नाही, इथे. रेटू नका, नुसतं टेकवा. ठोकायचं काम त्याचं."

मिल्काबाईंनी शिडी धरली. प्रांजल मुद्दाम अगदी शिडीखाली येऊन उभी राहायला निघाली. "बाळाला घेऊन शिडीखाली नाही! तिकडे पाळण्याजवळ, पण खोलीतच," मिल्काबाईंनी तिला दटावलं.

धडधडधड! गुणाबाईंच्या डोक्यावर पांढरी पूड सांडली आणि भोक पडलं.

"अग्गो बाय!" त्या शिडीवरूनच ओरडल्या. "माज्या आंगात बी वास्तुपुरुष हाय काय?"

खोली हसून लोळायची बाकी राहिली. मिथुन जिन्याकडे सरकला. महाराज अनुष्ठान गुंडाळून त्याच्या मागे निघाले.

"या मोरा बंदराच्या कोलणीची सुरमई फुकट नाय, म्हाराज!" गुणाबाईंनी वरूनच सुनावलं.

"हसलात, बरं झालं," मिल्काबाई म्हणाल्या. "पण घटकाभरापूर्वी हेच हात जोडलेले होते. प्रांजल एकटी विचारत होती आणि तुम्ही तिलाच घराबाहेर काढत होतात. चमत्कार दिसला की आधी फडकं उचलून बघत जा. विचारायला लाजू नका आणि विचारणाऱ्याला गप्प करू नका."

गुणाबाई खाली उतरल्या. चष्मा काढला तेव्हा डोळ्यांभोवती तेवढी पूड नव्हती आणि तिथूनच पाणी वाहत होतं. त्यांनी दाराशी जाऊन पिशवी उचलली, सुनेसमोर आणून जमिनीवर उपडी केली आणि बाळाची दुपटी एकेक करून स्वतःच्या हाताने पाळण्यात अंथरली.

"चुकले गो, पोरी," त्या म्हणाल्या. "उद्या नाव तूच ठेव त्याचा."