लीकच्या वाफ्यातली फिरती खोली

मित्रांनो, जागच्या जागी गोल फिरणारी खोली पाहिलीत कधी? ती मी! आता म्हातारी झालेय, कुरकुरते, पण ऐट अजून गेलेली नाही हं.

सुतारानं मला तीन बाजूंनी फळ्या ठोकल्या, चौथी बाजू उघडी ठेवली आणि खाली लोखंडी चाकं बसवली. तेव्हा क्षयावर गोळी नव्हती. मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी आणि विश्रांती, एवढाच काय तो इलाज. म्हणून जिल्ह्याचं आरोग्य खातं माझ्यासारख्या खोल्या रुग्णांच्या परसात नेऊन ठेवायचं.

मी आले विलायतेतल्या या डरहॅमच्या खाणगावात, थॉमसिनासाठी. पोर खोकून खोकून काडी झालेली. तिचा बाप कथबर्ट खाणीत कोळसा फोडायचा आणि उरलेला जीव परसातल्या लीकवर टाकायचा. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा थोरला भाऊ. शरदातल्या लीकच्या प्रदर्शनात यंदा शेजारच्या रिडलीला चीत करायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

त्यानं मला उभं केलं कुठं, तर कबुतरखान्यामागं, सावलीत! मी कितीही गरगरले तरी पोरीच्या अंगावर ऊन येईना.

एके दिवशी दवाखान्याच्या नर्स रटरबाई सायकलवरून आल्या. "कथबर्ट, ऊन कुठाय?"

त्याची बायको जेमायमा दारातूनच कडाडली, "ऊन ना? ते साहेबांच्या लीकवर आहे! लेक बसलीय सावलीत, नि लीक शेकतायत उन्हात!"

कथबर्टनं टोपी मागं सारली, कुदळ घेतली आणि अख्खा वाफा उपटला. डोळे पुसत म्हणाला, "कांद्याच्याच जातीचं ना, झोंबतं." मला तर भरूनच आलं.

मग घरात रोज लीकचं सूप. थॉमसिना हसून म्हणाली, "बाबा, मी तर पहिलं बक्षीसच खातेय की!"

त्या वाफ्यात मी ऐसपैस उभी राहिले. खाणीतल्या पाळीवरून आला की कथबर्ट काळ्या तोंडानंच मला उन्हाकडं ढकलायचा. दुपारी जेमायमा. रिडली कुंपणावरून खिजवायचा, "काय रे, यंदा खोली पिकवतोयस का?" पण कथबर्ट खाणीत असला की गुपचूप येऊन तोही ढकलून जायचा, लबाड!

दुसऱ्या वर्षीचं प्रदर्शन आलं. थॉमसिनाचा खोकला थांबला होता, गाल वर आले होते. कथबर्ट मात्र घरातून हलेना. "मांडायला काय आहे माझ्याकडं?"

"मी आहे की! चला." तिनं कोट चढवला आणि बापाचा हात धरून स्वतःच्या पायांनी गल्लीतून चालत गेली. मी आनंदानं नुसती करकरत राहिले.

परतताना सगळी आळी त्यांच्या मागं. थॉमसिनाच्या कोटावर पहिल्या बक्षिसाची लाल फीत होती. रिडलीनं स्वतः जिंकून तिला लावलेली! तो माझ्या उघड्या बाजूशी येऊन म्हणाला, "हरलो बाबा, कथबर्ट. असलं पीक काही माझ्याच्यानं निघायचं नाही."

नंतर मी कितीतरी परसांत फिरले. खात्यानं मोडीत काढलं, तेव्हा थॉमसिनानंच मला पुन्हा इथं आणलं. आता माझ्यात कुदळी आणि बियाणं असतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असलं, तर ऊन कुणाच्या वाट्याला जातंय ते तेवढं बघा. आणि माझ्या चाकांना थोडं तेल घाला बरं, ऊन सरकलंय.