सेन्सरची दिशा

माझी बायको चारुशीला गेल्यावर आठ महिने मी हेलिकॉप्टरला हात लावला नाही. ते तिचं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवर उडणारं हे यंत्र जोडत बसायची. ती जोडायची, मी उडवायचो. लोक त्याला खेळणं म्हणायचे. त्याची पाती या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटरची आहेत आणि मिनिटाला दोन हजार फेरे घेतात. माणसाला लागली तर हाड वाचत नाही. मला त्यांची पहिल्यापासून भीती वाटायची. ती शेजारी असली की कमी वाटायची, एवढंच.

आधी या हेलिकॉप्टरच्या पात्यांवर एक आडवी दांडी होती. त्या दांडीमुळे ते हवेत स्थिर राहायचं. चारुशीलाने ती काढून टाकली आणि तिच्याऐवजी फ्लायबारलेस कंट्रोलर मागवला. ही काडेपेटीएवढी डबी असते. यंत्र कुठे कललं ते तिच्यातल्या सेन्सरला कळतं, आणि मग डबी पाती उलट्या बाजूला झुकवून ते सावरते. ही डबी यायच्या आधीच चारुशीला गेली.

जानेवारीत अदिती, आमची मुलगी, पुण्याहून पंधरा दिवस राहायला आली. एक दिवस म्हणाली, "बाबा, आईचं हेलिकॉप्टर एकदा उडवा. मी बाजूला उभी राहते, आई राहायची तशी."

मला नाही म्हणता आलं नाही.

कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये मी एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम केलं. तिथे पर्मिटची पद्धत आहे. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने डोळ्यांनी बघून 'हो' म्हणायचं. त्यानंतर कोणी एक स्क्रू जरी हलवला तरी पर्मिट रद्द, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. चारुशीलाने माझ्याकडून ही पद्धत घेतली. हेलिकॉप्टर उडवायच्या आधी काय काय बघायचं त्याच्या चौदा ओळी तिने वहीत लिहिल्या होत्या. ती वाचायची, मी बघायचो.

शनिवारी मी पाती फिरू नयेत म्हणून मोटरच्या तारा सोडवल्या, डबी बसवली आणि लॅपटॉपवर सगळं सेट केलं. मग हेलिकॉप्टर हातात उचलून पुढे कलवलं. पात्यांना झुकवणारी त्यांच्याखालची तबकडी मागे झुकली. शेपटी फिरवली तर शेपटीची छोटी पाती उलटा जोर द्यायला वळली. बरोबर होतं. संध्याकाळी पाहिलं तर डबीच्या तारा एका धारदार कडेला घासत होत्या. मी डबी सोडवून उलटी चिकटवली. दहा मिनिटांचं काम. उलटी बसवली हे लॅपटॉपवर डबीला सांगावं लागतं. ते माझ्याकडून राहिलं.

रविवारी सकाळी आम्ही खापरखेड्याच्या पुढे, नेहमीच्या पडीक मैदानावर गेलो. अदिती वही घेऊन उभी राहिली.

"आठ. रिमोटची स्टिक पुढे केली की तबकडी पुढे?"

"हो."

"काय बाप्पा, नुसते हो हो करून राहिले तुम्ही. आईनं कान धरला असता."

"तिचा हात पोचत होता काय माझ्या कानाले?"

ती हसली. "नऊ. सेन्सरची दिशा?"

ते बघायचं तर बॅटरी काढायची, मोटरच्या तारा सोडवायच्या, पुन्हा बॅटरी लावायची, मग यंत्र उचलायचं. लवकर आटपावं असं झालं होतं. काल पाहिलं होतंच.

"हो," मी म्हटलं.

यंत्रापासून पंधरा पावलांवर मी उभा राहिलो. अदिती माझ्या डाव्या हाताला होती. मी मोटर सुरू केली. पाती आधी सावकाश फिरली, मग दिसेनाशी झाली. तेवढ्यात शेपटी हलली. मी स्टिकला हात लावला नव्हता. शेपटी सावरायच्या ऐवजी गर्रकन फिरली, यंत्र जमिनीवरच गोल फिरत आमच्याकडे सरकलं आणि त्याचं नाक खाली गेलं. पाती गवत कापायला लागली.

मी बटण दाबून मोटर बंद केली. पण मोटर बंद झाली म्हणून पाती लगेच थांबत नाहीत.

"बाबा, पडून राहिलं ते!" असं म्हणत अदिती धरायला पुढे निघाली.

"थांब!" मी ओरडलो. एवढ्या जोरात मी तिच्यावर कधीच ओरडलो नव्हतो. ती एक पाय पुढे टाकलेली तशीच थांबली. पात्यांपासून सहा पावलांवर. पाती थांबायला पंधरा-वीस सेकंद लागले असतील. तोवर मी तिच्या पायांकडेच बघत होतो.

यंत्र उभंच राहिलं. मी बॅटरी काढली, मोटरच्या तारा सोडवल्या, पुन्हा बॅटरी लावली आणि यंत्र उचलून पुढे कलवलं. तबकडीही पुढेच झुकली. शेपटीची पातीही चुकीच्या बाजूला वळली.

"तुम्ही हो म्हटलं होतं," अदिती म्हणाली.

"म्हटलं होतं."

"पाहून?"

"काल पाहून. मग डबी उलटी केली. आज पाहिलं नाही."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मी इथं उभी होती, बाबा."

मी म्हटलं, "देऊन टाकतो हे कोणाले तरी."

"काहून? त्याची काय चूक? खोटं ते बोललं काय?"

ती रागातच वही आणि किल्ली घेऊन चालत गेली. गाडी पन्नास पावलांवर होती. आत बसून तिने काचा वर केल्या आणि मला फोन लावला. "खिशात ठेवा. स्पीकरवर. आता इथूनच वाचते. पहिल्यापासून."

लॅपटॉप मी सोबत आणला होता; डबी उलटी आहे हे त्यावर सांगून चूक दुरुस्त केली. तिने एक-एक ओळ वाचली. नववी आली तेव्हा मी यंत्र गाडीच्या काचेजवळ नेलं, दोन्ही हातांनी उंच धरलं आणि कलवलं.

"नाही दिसलं. परत."

मी परत कलवलं.

"तबकडी मागे. शेपटी दाखवा." दाखवली. "आता डावीकडे." माझे खांदे भरून आले. तिने तीनदा करायला लावलं, आणि मग 'हो' तीच म्हणाली.

यंत्र जागेवर परत नेऊन मी मोटरच्या तारा जोडल्या आणि पंधरा पावलं मागे आलो. पाती फिरली. शेपटी जागची हलली नाही. मी हळूच स्टिक वर केली, आणि हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभर उचललं गेलं. हवेत थांबलं. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. ते कधी फिरेल याचीच मी वाट बघत होतो.

"बाबा, श्वास घ्या," खिशातून आवाज आला.

मी ते खाली उतरवलं आणि मोटर बंद केली.

"पाती पुरी थांबेपर्यंत दार उघडू नको," मी म्हटलं.

तिने उघडलं नाही.