नाही म्हटलं तर?

बालकाच्या हिताचा विचार थोरांनी करावा, हे न्याय्यच आहे. परंतु ज्याचे अंथरूण आज परक्या छपराखाली पडायचे, त्याला एका शब्दाने न विचारता साधलेले हित कितीही शुद्ध असले, तरी अपुरेच राहते.

बालकल्याण समितीच्या दालनात त्या दुपारी असेच एक हित जवळजवळ सिद्ध झाले होते. दोन भावंडांच्या आईला कामावरून परतताना मोटारीने उडवले होते. शस्त्रक्रियेनंतर ती अद्याप शुद्धीवर आली नव्हती. वडील पूर्वीच निवर्तलेले. मामा धावत आला खरा, पण त्याचे घर आधीच माणसांनी खचाखच भरलेले. "भाच्याला नेतो, साहेब. पोरीचं तुम्ही बघा," असे तो खाली मान घालून म्हणाला. तेव्हा भाऊ मामाकडे आणि बहीण मुलींच्या निवासात, असे ठरले.

मग अध्यक्षबाईंनी मुलांना आत बोलावले. झालेला निर्णय मुलाला गोड शब्दांत सांगायचा आणि त्याने मान डोलवायची, अशी तिथली रीत होती.

अकरा वर्षांची ती मुलगी धाकट्याचा हात धरून उभी राहिली.

"बाळ, तिथे तुझ्या वयाच्या पुष्कळ मुली आहेत. जाशील ना?"

मान डोलवणे किती सोपे होते! मामाही डोळ्यांनी तेच विनवीत होता. पण धाकट्याची बोटे तिच्या मुठीत घामेजली होती.

"नाही म्हटलं तर काय होईल?"

हा प्रश्न तिथे आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"अगं, मोठ्यांना उलट विचारतात का?" मामा पुटपुटला.

"विचारू द्या तिला." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "नाही म्हणालीस, तर आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

"मग नाही."

समितीतले वकील खाकरले. "नुसतं नाही म्हणून कसं भागेल? जाणार कुठे?"

"खालच्या मजल्यावरच्या शिंपीणमावशीकडे. दोघंही. आईला उशीर झाला की आम्ही तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. आई जागी झाली की आधी आम्हा दोघांना शोधेल. तिला काय सांगाल तुम्ही?"

"पण त्या बाई तुमच्या नात्यातल्या नाहीत."

"ती बाहेर बसलीय. तिला तरी कोणी विचारलंय का?"

शिंपीण आत आली ती गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून. "सकाळपासून दारात बसलेय, पण इथे कुत्रं विचारत नाही! नातं नाही म्हणे. यांची नाकं पुसली, चड्ड्या शिवल्या, ते काय परकी म्हणून?"

अध्यक्षबाई धाकट्याकडे वाकल्या. "आणि तुझं काय म्हणणं, राजा?"

"ताई जिथे, तिथे मी. पण मावशीने मला माकड म्हणायचं नाही."

"माकडाला माकड नाही तर काय हत्ती म्हणू?" शिंपीण उसळली, आणि वकिलांनासुद्धा हसू आवरेना.

तथापि केवळ हसण्यावर निर्णय होत नसतो. समितीची कार्यकर्ती तत्काळ घर पाहून आली. घर लहान, पण नेटके होते आणि शेजाऱ्यांची साक्ष निर्विवाद होती. विश्वासू बिगरनातेवाइकाकडेही मूल सोपवता येते, हे मग वकिलांनी स्वतःच सांगितले. सहीपूर्वी आदेश मुलीला वाचून दाखवण्यात आला.

"थांबा," ती म्हणाली. "आई घरी येईपर्यंत, हे त्यात नाही."

अध्यक्षबाईंनी ते शब्द स्वहस्ते घातले. "आणि मध्ये काही बदलायची वेळ आली, तर आधी तुम्हाला विचारू."

मामाने डोळे पुसले. "रविवारी आलो तर चालेल ना गं?"

"ये की! मामीलाही आण."

ती बाहेर पडली तेव्हा तिची मान ताठ होती, धाकटा तिच्यापुढे उड्या मारीत होता, आणि मागून शिंपीण "अरे, पडशील!" म्हणून ओरडत होती.

ज्यांनी ऐकले त्यांचे कान आणि जिने सांगितले तिची वाणी सदैव निर्भय राहो. आणि त्या माउलीला लवकर जाग येवो.