न भिडवलेलं पाकीट

रोदिओन येर्मोलायेव्हच्या आईचा आज सत्तरावा वाढदिवस. आई खाली रशियातल्या वोलोग्दा शहरात अंथरुणाला खिळलेली आणि लेक पाच महिने अंतराळातल्या प्रयोगशाळेत पृथ्वीभोवती घिरट्या घालतोय. आपण उतरेपर्यंत ती टिकावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

उड्डाणाआधी सगळ्यांकडून एक कागद भरून घेतात: घरी काही वाईट घडलं तर वर कळवायचं का? रोदिओनने बेधडक ‘नको’ लिहिलं होतं. “वर राहून मी काय दिवे लावणार?” म्हणाला होता.

सकाळभर तिघं गव्हाच्या रोपांच्या पेटीत डोकं घालून होते. जेवताना रोदिओनने सफरचंदाच्या रसाची पाकिटं काढली.

“चला, आमच्या म्हातारीच्या नावाने. शंभरी गाठू दे तिला.”

कमांडर सेराफिमा ल्वोव्हनांनी आपलं पाकीट त्याच्या पाकिटाला भिडवलं. परवाच्या यानाने आलेल्या तिखोनने मात्र हात मागे घेतला आणि मान खाली घालून तसाच घोट घेतला.

न भिडवता पितात ते फक्त गेलेल्या माणसासाठी. त्यांच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन दिवस तिखोनने जीभ सांभाळली होती, पण हाताने घात केला. त्याचे कान लालबुंद झाले.

रोदिओनने ओठांशी नेलेलं पाकीट खाली घेतलं.

“कधी?”

“रोद्या, मी…”

“तू गप्प बस. यांना विचारतोय.”

“बारा दिवस झाले,” सेराफिमा ल्वोव्हना म्हणाल्या.

“आणि तुम्ही खुशाल पाकीट भिडवलंत?”

“तूच लिहून दिलं होतंस ना, बाळा.”

त्याला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? सही त्याचीच होती. पाकीट हातातून सुटून तरंगत निघालं, कुणी ते धरलं नाही.

तेवढ्यात खालून सांगण्यात आलं की वाढदिवसासाठी घरचा फोन जोडतोय. पडद्यावर राया, त्याची धाकटी बहीण. ठेवणीतला झगा, ओठांना रंग, तोंडभर हसू.

“दादा, आईचा आत्ताच डोळा लागला रे. तुझीच आठवण काढत होती.”

गेल्या आठवड्यातही ती अशीच हसली होती. आईला एकटीने माती देऊन ही पोर त्याच्यासाठी हसत राहिली होती, त्याच्या एका शब्दापायी. तो कागद भरताना रायाचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“राये,” तो म्हणाला, “पुरे कर आता. मला कळलंय.”

रायाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ मात्र तसेच हसत राहिले, ते मिटायचे कसे हेच तिला उमगेना.